तारेची वळचण : खांबावरच्या चिनी मातीच्या वाट्यांचा इतिहास

हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या कोणत्याही शाळेच्या पहिल्या काही तुकड्यांना तारेचे खांब आठवत असतात. रेल्वेच्या कडेने, हमरस्त्याच्या कडेने ते एकामागून एक उभे असत. गाडी धावू लागली की खिडकीतून पाहणाऱ्याला तारा हळूहळू खाली उतरताना दिसत आणि खांब आला की एकदम वर उसळत. खांबाला कान लावला की आत गुंजारव ऐकू येई. ‘तार चालली आहे’ असे मोठी मुले लहानांना सांगत आणि लहान मुले ते खरे मानत. वस्तुतः तो आवाज निरोपाचा नसून वाऱ्याचा असे. ताणलेल्या तारेवरून वारा वाहताना तिच्या मागे आलटून पालटून भोवरे सुटतात, त्यांनी तार थरथरते आणि ती थरथर लाकडाच्या किंवा लोखंडाच्या खांबात उतरते. मुलांचा दुसरा उद्योग मात्र इतका निरुपद्रवी नव्हता. खांबाच्या आडव्या पट्टीवर पांढऱ्या चिनी मातीच्या वाट्या पालथ्या घातलेल्या असत. त्या उन्हात चमकत, नेम धरायला सोप्या असत आणि गलोलीचा खडा बसला की छानसा आवाज करून फुटत.

या खेळाला कायद्याने फार गंभीर नाव दिले होते. १८८५ च्या भारतीय तार कायद्यात ‘तारमार्ग’ या शब्दाची व्याख्या करताना केवळ तारेचा उल्लेख करून कायदेकर्ते थांबले नाहीत. तार बसवण्यासाठी आणि तिला विजेच्या दृष्टीने अलग राखण्यासाठी लावलेली सारी साधनेही त्यांनी तारमार्गात धरली. हेतुपुरस्सर मोडतोड करणाऱ्यास याच कायद्याच्या पंचविसाव्या कलमात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. चार बोटे उंचीच्या वाटीसाठी एवढी कडक भाषा का वापरावी लागली, हे समजून घ्यायचे तर ती वाटी काय करत होती, ते पाहिले पाहिजे. तारयंत्राचा आणि दूरध्वनीचा इतिहास सहसा यंत्रांचा आणि संशोधकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वाटीचा उल्लेख तळटीपेतही येत नाही. वास्तविक, खांबावरून गेलेल्या प्रत्येक निरोपाचे भवितव्य त्या वाटीच्या आतल्या दोन-चार इंच कोरड्या पृष्ठभागावर अवलंबून होते.

हा इतिहास पाहण्यास बेंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा विभाग ही सोयीची जागा आहे. आज महादेवपुरा म्हटले की काचेच्या इमारती, संगणक कंपन्या आणि वाहनांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात; २००७ साली हा भाग बेंगळुरू महानगरपालिकेत सामील झाला, त्याला फार वर्षे लोटलेली नाहीत. परंतु याच विभागात, जुन्या मद्रास रस्त्यालगत, कृष्णराजपुरम् रेल्वे स्थानकापासून जवळच ‘दूरवाणीनगर’ नावाची वसाहत आहे. कन्नडमध्ये टेलिफोनला ‘दूरवाणी’ म्हणतात, मराठीत ‘दूरध्वनी’. एका भाषेने वाणी पसंत केली, दुसरीने ध्वनी. आणि पावसाळ्यातल्या जुन्या ट्रंक कॉलचा अनुभव ज्यांना आहे ते सांगतील की मराठीचा शब्द अधिक प्रामाणिक होता, कारण अनेकदा ध्वनी तेवढा पोहोचे, वाणी वाटेतच राही. या वसाहतीला हे नाव मिळाले ते इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज म्हणजेच आयटीआय या कारखान्यामुळे. १९४८ मध्ये लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने तो सुरू झाला. स्वतंत्र भारताचा पहिला सार्वजनिक उद्योग म्हणून त्याची ओळख आहे. मध्यमवर्गीय मराठी घरांत एकेकाळी विणलेल्या रुमालाखाली जो काळा, जड, तबकडीचा फोन विराजमान असे, तो बहुधा याच कारखान्यातून आलेला असे.

कारखान्यात तयार झालेले यंत्र गावोगावी पोहोचले तरी एका यंत्राचा आवाज दुसऱ्या यंत्रापर्यंत नेणे हे काम तारेचे होते. आणि तार कुठेतरी टेकवावी लागते. सगळी अडचण तिथे होती.

मोकळी हवा ही विजेला अडवणारी उत्तम वस्तू आहे आणि ती फुकट मिळते. म्हणून दोन खांबांमधल्या उघड्या तारेतून वीज सहसा कुठे निसटत नाही. ती निसटते खांबापाशी. लाकडाचा खांब कोरडा असताना विजेला बराच विरोध करतो, पण भिजला की त्याचा भरवसा उरत नाही. लोखंडाचा तर प्रश्नच नाही. तारेने खांबाला स्पर्श केला की तीतली वीज खांबातून जमिनीत उतरते. तेव्हा तार आणि खांब यांच्यामध्ये वीज वाहू न देणारी एखादी वस्तू ठेवणे भाग असते. हाच विद्युतरोधक, खात्याच्या भाषेतला इन्सुलेटर.

तारयंत्राच्या आद्य संशोधकांना ही गोष्ट ठेच लागूनच कळली. इंग्लंडात कुक आणि व्हीटस्टन यांनी आरंभी तारा जमिनीखालून नेल्या, अमेरिकेत मोर्सनेही शिशाच्या नळीतून तारा पुरण्यास सुरुवात केली. दोन्हीकडे आवरण फसले आणि वीज जमिनीत गळू लागली. मग निरुपायाने तारा वर गेल्या. १८४४ साली वॉशिंग्टन ते बाल्टिमोर हा मोर्सचा मार्ग खांबांवरून गेला तेव्हा त्याला काचेचे रोधक लावले होते. पुढे अमेरिकेने काच धरली, इंग्लंड आणि जर्मनीने चिनी माती. अमेरिकेतल्या काचेच्या रोधकांना बरीच वर्षे आतून आटे नसत. लाकडी खुंटीवर ते नुसते चढवलेले असत आणि वादळात उडून जात. १८६५ मध्ये लुई कोवे या न्यूयॉर्कच्या सुताराने खुंटीला आणि काचेला आटे पाडण्याचे एकस्व घेतले. एवढी साधी गोष्ट सुचायला एकवीस वर्षे लागली आणि ती सुचली सुताराला.

भारतात ही कथा डॉ. विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांच्यापासून सुरू होते. ते कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्राचे अध्यापक होते; वैद्यकाकडून तारेकडे वळलेला हा माणूस. १८३९ साली त्यांनी कलकत्त्याजवळ कित्येक मैल तार ताणून प्रयोग केले, परंतु सरकारला जाग यायला आणखी अकरा वर्षे गेली. १८५०-५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर हा पहिला मार्ग उभा राहिला. या मार्गावर ओशॉनेसींनी युरोपातल्यासारखी बारीक तार न वापरता बोटाएवढ्या जाडीची लोखंडी सळई बांबूंवर चढवली. माकडे लोंबकळली, घारी-गिधाडे बसली, बैलगाडी अडकली तरी ती तुटू नये, हा विचार त्यामागे होता. रोधकांचा त्यांनी आरंभी फारसा सोस केला नाही. सळई एवढी जाड की थोडी वीज गळाली तरी पुरेशी पुढे जाईल, असा त्यांचा हिशेब होता. तीसएक मैलांपुरता तो चुकीचाही नव्हता.

अंतर वाढले तसा हिशेब बदलला. नोव्हेंबर १८५३ मध्ये कलकत्त्याहून आग्र्याकडे तार निघाली आणि मार्च १८५४ मध्ये, म्हणजे पाच महिन्यांच्या आत, सुमारे ८०० मैल अंतर कापून पोहोचली. १८५५ च्या फेब्रुवारीत तार सर्वसामान्य जनतेसाठी खुली झाली, तोवर मुंबई आणि मद्रासही जोडली गेली होती. डलहौसी १८५६ मध्ये परतला तेव्हा देशात ४,००० मैलांवर तार उभी होती. मुंबईहून मद्रासकडे जाणारा मार्ग दख्खनच्या पठारावरून बेंगळुरूच्या बाजूने गेला. ज्या प्रदेशात जे मिळेल ते खांबाला वापरावे, हे ओशॉनेसींचे धोरण होते. बंगालकडे आराकानचे कठीण लाकूड, अन्यत्र साग, आणि दक्षिणेत जिथे लाकडापेक्षा दगड जवळ, तिथे कित्येक मैल ग्रॅनाइटचे एकसंध खांब. बेंगळुरूच्या परिसरातले दगडी कुंपण ज्यांनी पाहिले आहे, म्हणजे ग्रॅनाइटच्या उभ्या चिपा शेताच्या बांधावर रोवलेल्या, त्यांना या खांबांची कल्पना करणे अवघड नाही. वाळवी त्याला लागत नाही, तो कुजत नाही, गंजत नाही. पण पावसात भिजलेला दगड वीज वाहू देतो. खांब कितीही चिरंजीव केला तरी त्याच्या माथ्यावरची लहानशी वस्तू कशी आहे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

आणि भारतात तो प्रश्न दरवर्षी जूनमध्ये नव्याने विचारला जाई. बेंगळुरूला वर्षाकाठी पाऊस हजार मिलीमीटरांच्या आतबाहेर पडतो आणि तोही अनेक महिन्यांत विभागून. बोरघाटात, खंडाळा-लोणावळ्याच्या परिसरात, चार महिन्यांत चार हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. वर धुके आणि वारा. मुंबई-पुणे तारेला हा घाट चढावाच लागे. कोकणपट्टीत समुद्रावरून येणारा खारा वारा वाटीवर मिठाचा पातळ थर चढवतो. कोरड्या दिवसांत तो निरुपद्रवी असतो, पण दमट हवेत मीठ पाणी ओढून घेते आणि पाऊस नसतानाही वाटी ओली होते. युरोपातल्या रिमझिम पावसासाठी घडवलेल्या वस्तूची परीक्षा इथे लागत होती.

गळतीचे गणित मोठे विलक्षण आहे. मैलाला वीस खांब धरले तर शंभर मैलांच्या एका तारेला २,००० वाट्या लागतात. एका ओल्या, मळलेल्या वाटीचा रोध १ कोटी ओहम आहे असे समजू. ऐकायला हा आकडा केवढा मोठा वाटतो! परंतु दोन हजार वाट्या म्हणजे जमिनीकडे जाणाऱ्या दोन हजार वाटा. सर्व मिळून त्यांचा रोध १ कोटी भागिले २,०००, म्हणजे अवघा ५,००० ओहम होतो. खुद्द शंभर मैल लोखंडी तारेचाच रोध हजार-दीड हजार ओहमच्या घरात असतो. अशा स्थितीत पाठवलेल्या विजेचा लक्षणीय भाग दुसऱ्या टोकाला न पोहोचता वाटेतच जमिनीत मुरतो. एखादी वाटी फुटली, तिच्यातून तार थेट लोखंडी पट्टीवर टेकली, तर उरलेल्या १,९९९ वाट्या कितीही चांगल्या असल्या तरी त्यांचा उपयोग नाही. गलोलीचा तो खडा शंभर मैलांवरच्या तारमास्तराच्या यंत्राला मुके करू शके. कायद्याची भाषा कडक का होती, याचा उलगडा या भागाकारात आहे.

ही गळती मोजण्याची शिस्त भारतीय तारखात्याला लावली ती लुई श्वेंडलर या जर्मन अभियंत्याने. सरकारच्या वतीने त्याने तारमार्गांच्या चाचणीवर लिहिलेले मार्गदर्शक पुस्तक हिंदुस्थानच्या बाहेरही प्रमाण मानले जाई. ठरावीक काळाने तारेच्या दूरच्या टोकाला ती मोकळी सोडायची, जवळच्या टोकाला विजेचे मापन करायचे आणि गळती किती, दोष साधारण कितव्या मैलावर, हे कचेरीत बसून काढायचे. पाऊस, ऊन, वाटी आणि तार यांचा एकमेकांशी संबंध अशा रीतीने आकड्यांत उतरू लागला. (हाच श्वेंडलर कलकत्त्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयाच्या उभारणीतला प्रमुख माणूस होता. तारेवर बसणाऱ्या पक्ष्यांविषयी त्याचे मत काय होते हे जाणून घ्यायला कोणाला आवडणार नाही!)

आता त्या वाटीच्या आकाराकडे पाहावे. कोकणातल्या घराचे छप्पर भिंतीच्या बाहेर हात-दीड हात पुढे आलेले असते. पाऊस कौलांवरून पागोळ्यांनी खाली गळतो आणि छपराच्या त्या पुढे आलेल्या भागाखाली, वळचणीला, जमीन कोरडी राहते. कोंबड्या, सरपण आणि अचानक आलेला वाटसरू तिथे आसरा घेतात. इन्सुलेटर म्हणजे तारेची वळचण. वाटी पालथी असल्यामुळे बाहेरचा भाग भिजतो, आतला कोरडा राहतो. बाहेरच्या अंगावर पाण्याचा सलग पापुद्रा झाला तरी वीज त्यावरून काठापर्यंतच येऊ शकते. पुढे खुंटीपर्यंत जायला तिला आतल्या कोरड्या अंगावरून वर चढावे लागते. इंग्रज अभियंता लॅटिमर क्लार्क याने १८५६ मध्ये यावर एक पाऊल पुढे टाकले. त्याने एका वाटीत दुसरी वाटी बसवली, दुहेरी घेराची. आता विजेला बाहेरून उतरायचे, आत चढायचे, पुन्हा उतरायचे आणि पुन्हा चढायचे. मार्ग लांब झाला आणि अरुंदही झाला, म्हणून रोध वाढला. घराला ओसरी आणि ओसरीला आणखी पडवी काढावी, तसा हा प्रकार. पुढच्या शंभर वर्षांत तपशील बदलले. कॉर्डोने १८७० च्या दशकाच्या अखेरीस लोखंडी गजावर घट्ट फिरवून बसवता येईल अशी आट्यांची वाटी केली, ती इंग्लंडच्या टपालखात्याने उचलली. पण मूळ कल्पना क्लार्कचीच राहिली.

वळचणीला जसे नको असलेले पाहुणेही येतात, तसे इथेही आले. कोळ्यांनी आत जाळी विणली. अशा आडोशाला मातीचे घर बांधणाऱ्या कुंभारीण माशीला तर ही जागा आयतीच सापडली. कोरडे जाळे आणि कोरडी माती चालते, दवाने ओली झाली की तीच विजेची पायवाट होते. गंमत अशी की पावसाला इथे दोन बाजू आहेत. तो बाहेरचा भाग भिजवतो खरा, पण धूळ, काजळी आणि मीठही धुऊन नेतो. म्हणून मुसळधार पावसापेक्षा पहिल्या सरीच्या आधीची दमट हवा आणि पहाटेचे धुके तारखात्याला अधिक त्रासदायक ठरे. दगडफेकीवर सीमेन्सने उपाय काढला होता. चिनी मातीच्या वाटीवर लोखंडी टोपी. लंडन ते कलकत्ता हा १८७० चा सुप्रसिद्ध तारमार्ग उभारताना असे टोपीचे रोधक वापरले गेले. ते जड आणि महाग होते. देशभरातल्या सगळ्या खांबांना शिरस्त्राण घालणे कोणत्याच खात्याला परवडणारे नव्हते.

चिनी माती, फेल्डस्पार आणि गारगोटी यांचे दळलेले मिश्रण साच्यावर फिरवून वाटी घडते, वाळते, तिच्यावर काचेसारखी झिलई चढते आणि मग ती हजार अंशांच्या बऱ्याच वरच्या तापमानात भाजली जाते. झिलई वीज अडवते असा अनेकांचा समज असतो. वीज अडवते ती आतली घट्ट भाजलेली माती. झिलईचे काम पृष्ठभाग गुळगुळीत ठेवण्याचे, मळ चिकटू न देण्याचे. माती सच्छिद्र राहिली तर वर कितीही सुंदर झिलई असो, वाटी कुचकामी. म्हणून फुटक्या तुकड्यावर रंगीत द्रव लावून तो आत शिरतो का ते पाहत. पूर्ण वाटीची परीक्षा तर मोठी मजेदार असे. खांबावर पालथी राहणारी वाटी इथे उताणी ठेवायची, काठापर्यंत पाण्यात बुडवायची, आतही पाणी भरायचे, तशी बराच काळ भिजू द्यायची आणि मग आतल्या व बाहेरच्या पाण्यामध्ये वीज जाते का ते संवेदनशील गॅल्व्हानोमीटरने पाहायचे. हजारो वाट्या पाण्याच्या टाकीत ओळीने मांडलेल्या, ही त्या चाचणीची रीत.

या कलेचाही बेंगळुरूशी संबंध आहे. म्हैसूर संस्थानात १९०२ साली शिवनसमुद्रची जलविद्युत सुरू झाली आणि ती ९२ मैलांवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरवली गेली. त्या काळी हा जगातल्या लांब वीजवाहिन्यांपैकी एक होता. वाहिन्यांचे जाळे पसरले तसे चिनी मातीचे रोधक बाहेरून आणणे परवडेना. दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या कारकिर्दीत, १९३० च्या दशकात, संस्थानाने मल्लेश्वरम् भागात सरकारी चिनी मातीचा कारखाना काढला. १९७६ मध्ये तो भारत हेवी इलेक्ट्रिकल्सकडे गेला. वीजवाहिनीचा आणि तारेचा रोधक दिसायला भाऊभाऊ असले तरी त्यांचे दुखणे वेगळे. वीजवाहिनीच्या रोधकाला हजारो व्होल्टांच्या दाबाने भोक पडण्याची भीती असते, तारेच्या रोधकाला गुपचूप गळण्याची. एकाचा अपघात ठिणगीसह होतो आणि सगळ्यांना कळतो. दुसऱ्याचा कुणाला दिसतही नाही.

दूरध्वनी आल्यावर हे गुपचूप गळणे अधिक महागात पडू लागले. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोन केंद्रे १८८२ च्या जानेवारीत सुरू झाली. तारेच्या ‘कट्ट-कड’ला वीज आहे की नाही एवढेच कळले तरी पुरे, मनुष्याच्या आवाजाला तिचा सूक्ष्म चढउतार जसाच्या तसा लागतो. शिवाय टेलिफोनला एकेरी तार चालेना. जमिनीतून परतणारी वीज शेजारच्या तारांचा गोंगाट घेऊन येई, म्हणून प्रत्येक संभाषणाला दोन तारांची जोडी आली आणि वाट्यांची संख्या दुप्पट झाली. एका जोडीतले बोलणे शेजारच्या जोडीत ऐकू येऊ नये यासाठी ठरावीक अंतरावर खांबावरच दोन तारांच्या जागांची अदलाबदल करत. जोडीतल्या दोन तारांची गळती सारखी असेल तरच ही युक्ती साधते. एका तारेची वाटी मळकी आणि दुसरीची स्वच्छ असली की तोल बिघडतो आणि सोलापूरच्या व्यापाऱ्याचा भाव पुण्याच्या विहिणींच्या कानावर पडतो. पावसाळ्यात ट्रंक कॉलवर ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?’ असे सारी चाळ ऐकेल एवढ्या मोठ्याने ओरडणाऱ्यांनी हे कारण जाणले असते तर कदाचित ऑपरेटरबाईंवर राग काढला नसता.

इथे महादेवपुरा पुन्हा येतो. आयटीआयमध्ये टेलिफोन आणि केंद्रांची यंत्रे तयार होत, तशीच कॅरियर यंत्रणाही तयार होई. उघड्या तारेची एक जोडी एका वेळी एकच संभाषण नेते. परंतु आणखी संभाषणे निरनिराळ्या उच्च कंप्रतेच्या लहरींवर स्वार करून त्याच जोडीवरून पाठवली आणि दुसऱ्या टोकाला विद्युत गाळणीने वेगळी केली, तर नवे खांब न रोवता तीन, आठ, बारा जादा वाटा मिळतात. तांबे महाग, परकीय चलन दुर्मीळ आणि फोनसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी, अशा देशात ही मोठीच सोय होती. मात्र बारा संभाषणे एका जोडीवर बसवायची तर कंप्रता दीड लाखाच्या आसपास न्यावी लागते आणि त्या कंप्रतेला ओल्या वाटीतली गळती कैक पटींनी जाणवते. पाऊस आला की लांबच्या टोकाला आवाज क्षीण, ऊन पडले की पुन्हा मोठा. म्हणून अशा यंत्रणांत संभाषणांबरोबर एक स्थिर स्वर सतत पाठवला जातो. तो क्षीण झाला की यंत्र समजते, वाटेत कुठेतरी पाऊस आहे, आणि आवाज तेवढ्या प्रमाणात वाढवते. कचेरीत बंद कपाटात बसलेले यंत्र तीसचाळीस कोसांवरच्या वाट्यांवर पडणाऱ्या पावसाचा असा अंदाज घेत असे. अत्याधुनिक इलेक्ट्रॉनिकी आणि भट्टीत भाजलेली माती यांची गाठ इतकी घट्ट क्वचितच पडली असेल.

या गाठीच्या मधोमध उभा होता तो लाइनमन. खांब, गज, पट्ट्या असले सामान खात्याच्या अलीपूर, जबलपूर आणि मुंबई येथील कारखान्यांतून येई. ते डोक्यावरून, बैलगाडीतून, रेल्वेच्या ढकलगाडीतून जागेवर नेऊन चढवायचे काम त्याचे. कमरेला पट्टा आणि पक्कड, खांद्यावर शिडी. वर चढायचे, फुटकी वाटी उतरवायची, नवी आट्यांवर फिरवून बसवायची, तार तिच्या खाचेत ठेवून बारीक तारेने आवळून बांधायची. बंधन सैल पडले तर तार घासून तुटते, फार आवळले तर तिथेच मोडते. ही बोटांची विद्या पुस्तकातून येत नाही. वादळात खांब कोसळल्यावर लोक घरी बसत तेव्हा त्याला बाहेर पडावे लागे. दोष कितव्या मैलावर आहे हे श्वेंडलरच्या गणिताने कळे. त्या मैलावर चालत जाणारी पावले मात्र याचीच. तारखात्याच्या इतिहासात गव्हर्नर जनरलांची आणि अभियंत्यांची नावे मिळतात, लाइनमनचे नाव शोधूनही सापडत नाही.

१९४२ च्या आंदोलनात तारा तोडणे हा राजवटीची वाचा बंद करण्याचा मार्ग झाला. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात रात्री तारा कापल्या गेल्या आणि सकाळी त्या जोडायला जाणारा माणूसही बहुधा याच मातीतला असे. दोन्हीकडे धोका होता. स्वातंत्र्यानंतर तारा तुटत राहिल्या, पण कारण बदलले. तांब्याला भाव होता. चोरी इतकी वाढली की १९५० मध्ये तारखात्याची तांब्याची तार बेकायदा बाळगण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि पुढे तांब्याऐवजी पोलादावर तांबे किंवा अ‍ॅल्युमिनियम चढवलेल्या तारा आल्या. वाटी मात्र कुणी चोरली नाही. तिला मोडीचाही भाव नव्हता.

नोव्हेंबर १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान ग्राहकाला स्वतः परगावी फोन लावण्याची सोय झाली. जमिनीखालच्या समाक्ष केबली, डोंगरमाथ्यांवरचे सूक्ष्मलहरींचे मनोरे, उपग्रह आणि शेवटी काचेचे तंतू. एकेक साधन आले तसतसे उघड्या तारेचे काम कमी होत गेले. रेल्वेनेही आपला संदेशव्यवहार केबलीत नेला. १५ जुलै २०१३ पासून तारसेवाच बंद झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी शेवटची तार पाठवणाऱ्यांच्या रांगा छापल्या. एकेकाळी ‘तार आली’ हे दोन शब्द उच्चारताच घरातली बायकामाणसे उंबऱ्यात थिजत, त्या पिढीला हा समारंभ काहीसा चमत्कारिक वाटला असणार. खांब त्याआधीच उतरू लागले होते. तार वजनावर गेली, लोखंड वजनावर गेले, वाट्या जिथे पडल्या तिथे राहिल्या.

अमेरिकेत असे झाले नाही. तिथे काचेचे रोधक जमवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९७३ पासून आहे, आणि वुडवर्ड नावाच्या अभ्यासकाने आकारांना दिलेले क्रमांक आज त्या छंदाची वर्णमाला झाले आहेत. कोणत्या कारखान्याचा, कोणत्या रंगाचा, कोणत्या मार्गावरचा, सगळे नोंदलेले. भारतातल्या चिनी मातीच्या वाट्यांची अशी मोजदाद व्हायला हवी होती. खात्याची खूण, कारखान्याचे नाव किंवा वर्ष कित्येकींवर झिलईखाली उमटवलेले असते. एखाद्या शाळेच्या विज्ञानमंडळाने जुन्या रेल्वेमार्गालगत हिंडून पाचपन्नास गोळा केल्या, जागा आणि खुणा लिहून ठेवल्या, तरी तो एक दस्तऐवज होईल. काही वर्षांनी तेही शक्य राहणार नाही.

भंगारवाल्याकडे, जुन्या स्थानकाच्या फलाटाच्या टोकाशी, शेताच्या बांधावर ती अजून मिळते. हातात घेतली की आकाराच्या मानाने जड लागते. उलटी केली की आतला दुसरा घेर दिसतो, मध्ये गजासाठी आटे, आणि काठावर भट्टीत ज्या कडेवर ती उभी होती तेवढी बिनझिलईची खरखरीत रेघ. दोन घेरांमधल्या खाचेत बोट पुरते जात नाही. तिथे, इतक्या वर्षांनंतरही, कधी कधी कुंभारीण माशीने लिंपलेली वाळलेली माती चिकटलेली असते.